आडवी रेघ

माझ्या टेबलापुढे बसणारा प्रत्येक बाप पहिल्यांदा खोटं बोलायचा. पोरीला किती मिळाले विचारलं की म्हणायचा, साठाच्या वरतेच असन जी. मी नुसता हात पुढे करायची. मग पिशवीतून पिशवी, त्या पिशवीतून आणखी एक पिशवी असं करत गुणपत्रिका बाहेर यायची आणि तिच्यावर सत्तेचाळीस असायचे. बापाला राग यायचा तो माझा. सत्तेचाळीसचा नाही.

मी मेश्राम बाई. चामोर्शीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक म्हणून लागले, वरिष्ठ लिपिक म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तोंडावर मला सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे शंकाबाई. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. या दिवाळीला नोकरीतले गमतीचे प्रसंग लिहा, असं संपादकांनी कळवलं आहे. गमतीचे म्हणजे किती गमतीचे, ते काही लिहिलेलं नाही. तेव्हा माझ्या मनानेच लिहिते. प्रमाण भाषेत लिहायचा प्रयत्न आहे, पण रागावले की माझी झाडी बोली बाहेर येते, ती तेवढी चालवून घ्यावी.

काम काय होतं ते आधी सांगते. बारावी झालेल्या पोरांना पुढे कुठे प्रवेश मिळेल, याचा अंदाज सांगणं. हे काही माझं नेमून दिलेलं काम नव्हतं. एका वर्षी प्राचार्यांनी जिन्याखाली एक टेबल टाकलं, वर "प्रवेश मार्गदर्शन कक्ष" अशी पाटी ठोकली आणि बाई, तुम्हाला फॉर्मचं सगळं समजते म्हणून मला तिथे बसवलं. हुशार पोरं त्या टेबलाकडे फिरकत नसत. त्यांचे बाप त्यांना घेऊन थेट नागपूरला जात. माझ्याकडे येत ती उरलेली. ज्यांच्या शाळेत भौतिकशास्त्राला अख्खं वर्ष मास्तर नव्हता, ज्यांनी प्रवेश परीक्षेचा संगणक परीक्षेच्याच दिवशी पहिल्यांदा हाताळला, ज्यांचा आकडा नेहमी मधल्या रेषेच्या खाली असायचा, अशी.

आता तो आकडा. परीक्षेचा निकाल टक्क्यांत येत नाही, पर्सेंटाइलमध्ये येतो. शंभर पोरं रांगेत उभी केली तर तुझ्या मागे किती उभी आहेत, एवढंच तो सांगतो. त्यात पास नाही आणि नापासही नाही. हे मी वर्षाला दोनशेदा तरी सांगितलं असेल आणि दोनशेदा समोरच्याने मान हलवून विचारलं असेल, म्हणजे पास ना?

माझ्याकडे एक जाड वही होती. मागच्या तीन-चार वर्षांत कोणत्या कॉलेजात, कोणत्या प्रवर्गात, शेवटचा पोरगा कितीवर आत गेला ते मी त्यात हाताने उतरवलेलं होतं. पोराचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा आणि कॉलेजच्या नावापुढे पेन्सिलीने रेघ ओढायची. उभी रेघ म्हणजे मिळेल. तिरपी म्हणजे सांगता येत नाही. आडवी म्हणजे नाव काढू नको. रेघेचा अर्थ मी कोणाला सांगत नसे. पण टेबलापलीकडे बसून उलटं वाचायला पोरं लवकर शिकतात. आडवी रेघ पडली की पोरगा खुर्ची मागे सारायचा.

आणि माझा अंदाज चुकत नसे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते आहे. कारण मी कशावरच विश्वास ठेवत नसे. बापाच्या तोंडावर नाही, पोराच्या तोंडावर नाही. गुणपत्रिकेची झेरॉक्स आणली तर मूळ प्रत मागायची, मूळ आणली तर उजेडात धरून बघायची. वेबसाइटवर तारीख वाढली असं कोणी म्हटलं की वेबसाइट स्वतः उघडायची, आणि उघडली तरी तारीख दोनदा वाचायची.

या शंकेखोरपणाने काही पोरांचं भलं झालं, हेही नोंदवून ठेवते. एक बाप गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता आणि पोरगा मामाकडे राहून आमच्याकडे शिकत होता. निकालानंतर तो बाप एकदा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. दाखला कशाला पाहिजे, मी विचारलं. असाच, म्हणाला. असाच दाखला कोणी नेत नाही. मी दाखल्याचं पुस्तक उघडलंच नाही. अर्धा तास बसवून ठेवला तेव्हा कळलं की पोरगा नापास झाला आहे आणि त्याला खाणीवर ट्रकच्या कामाला लावायचं ठरलं आहे. बारावीत तर तो पास होता. मग नापास कशात झाला? बापाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. प्रवेश परीक्षेत एकोणतीस. पस्तीसच्या खाली म्हणजे नापासच ना बाई, त्याने विचारलं. घरात पंधरा दिवस कोणी त्या पोराशी बोललं नव्हतं. आईने तेवढं वाढून ठेवायचं, बस. मी त्याला समोरच्या व्हरांड्यातली पोरं मोजायला लावली, रांग म्हणजे काय ते समजावलं आणि तिथल्या तिथे पोराला बोलावून फॉर्म भरून घेतला. स्थापत्य अभियांत्रिकीच्या जागा बऱ्याच ठिकाणी रिकाम्याच राहतात. माझ्या वहीत तीन उभ्या रेघा पडल्या आणि त्यातली पहिलीच खरी ठरली. बाप नंतर पेढे घेऊन आला. पेढे कुठल्या दुकानातले ते विचारूनच मी खाल्ले.

दुसरा किस्सा जरा कडू आहे. चामोर्शीच्या आठवडी बाजारात एक पांढऱ्या शर्टवाला माणूस यायला लागला होता. चहाच्या टपरीवर बसायचा आणि बाजाराला आलेल्या आईबापांना म्हणायचा, मार्क कितीही असू द्या, मी नंबर लावून देतो. आमच्याकडे प्रवेश मिळणं याला नंबर लागणं म्हणतात. राशनचा नंबर लागते, दवाखान्यात नंबर लागते, तसाच कॉलेजातही लागते. तो बोलायचा अगदी आपल्यातला होऊन. माय, बाई, घाबरू नको, मी आहो ना. आणि हे बोलता बोलता मूळ कागद हातात घ्यायचा. दोन पोरी त्याच्या शब्दावर दूरच्या राज्यात नर्सिंगला गेल्या. तिथे कॉलेज म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला होता. पोरी परत आल्या, पण कागद आले नाहीत. कागद नाही म्हणजे पुढचा कोणताच फॉर्म भरता येत नाही.

पुढच्या बाजारी मी त्या पोरींच्या आयांना, मावश्यांना आणि शेजारणींना घेऊन टपरीवर गेले. आम्ही काही बोललो नाही. त्याच्या बाकड्याभोवती फक्त बसलो. गिऱ्हाईक यायचं, इतक्या बाया बघायचं आणि माघारी जायचं. तो उठला की आम्ही उठायचो, तो बसला की बसायचो. तिसऱ्या बाजाराला त्याने कागद आणून दिले. देताना म्हणाला, बाई, तुम्ही फार संशयी आहात.

"हो जी," मी म्हटलं, "त्याचाच पगार भेटते मले."

त्या दिवसापासून मला जरा चढलीच. मी टेबलाच्या वर फळा टांगला आणि त्यावर खडूने लिहिलं, "नंबर लागला म्हणणारा ठग." खाली बारीक अक्षरात कारण. सरकारी माणूस नंबर लागला असं कधी म्हणत नाही. तो जागावाटप म्हणतो, गुणवत्ता यादी म्हणतो, संस्था स्तरावरील रिक्त जागांची फेरी म्हणतो. तेव्हा फोनवरचं बोलणं पटकन समजलं तर फोन ठेवून द्यायचा आणि मला विचारायचं. पोरं हसायची, पण पाठ करायची. नंतर नंतर तर मी ते पोरांकडून वर्गात म्हणवून घ्यायची.

सविता पुंगाटी याच फळ्यासमोर दोन वर्षं बसली होती. एटापल्ली तालुक्यातल्या आतल्या गावची माडिया पोरगी, आमच्या गावात वसतिगृहात राहून शिकायची. तिचा बाप रैनू, अंगाने वाळका, मराठी बेताची. ते दोघं पहिल्यांदा आले तेव्हा माझ्यासमोर आपसात माडियात बोलले. मला ती बोली येत नाही, म्हणजे लगेच शंका. मी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, काय लपवून राह्यले तुम्ही? सविता लाजली. म्हणाली, बाबा विचारून राह्यले का बाई जेवल्या का अजून.

तिला फार्मसी शिकायची होती. काऊन, असं मी विचारलं, कारण फार्मसी हे नाव पोरं बहुतेक मित्राचं ऐकून सांगतात. तिने जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. गावात उपकेंद्राच्या गोळ्या येतात. पाकिटावरची इंग्रजी अक्षरं वाचता येणारी गावात ती एकटी. सहावीत असल्यापासून म्हाताऱ्याकोताऱ्या गोळ्यांची पुडकी पदराला बांधून तिच्याकडे येत आणि सकाळची कोणती, रातची कोणती ते विचारत. एकदा तिने चुकीचं सांगितलं. एक म्हातारी दोन दिवस उठली नाही. पुढे ती बरी झाली, पण सविता म्हणाली, बाई, मले वाचता येते, समजत नाही. समजलं पाहिजे.

तिचा आकडा होता चौतीस. जात वैधता प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. जातीचा दाखला खरा आहे हे सांगणारा तो दुसरा दाखला. तो नसल्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी पोरांच्या जागा हातातून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. मी तो ऑनलाइन तपासला, दोनदा. तोही खरा निघाला. खासगी कॉलेजं तिला सहज मिळाली असती. पण रैनूभाऊची एकच अट होती. पोरगी राहील तर कॉलेजच्याच आवारातल्या होस्टेलात, शहरात खोली करून नाही. अट विनाकारण नव्हती. पांढऱ्या शर्टवाल्याने नेलेल्या दोघींपैकी एक त्याची सख्खी पुतणी. तिचे कागद मी सोडवून आणले म्हणून तर तो पोरीला घेऊन माझ्याकडे आला होता. इतर कोणाचं ऐकायचं नाही, बाई म्हणतील तेच, असं त्याने तिला माझ्यासमोर बजावलं.

अशी कॉलेजं थोडी. त्यातलं एक सरकारी, लांबच्या शहरात, आवारातच मुलींचं होस्टेल. सविताने त्याच्यावर बोट ठेवलं. मी वही उघडली. गेली तीन वर्षं तिच्या प्रवर्गातली शेवटची मुलगी तिथे साठाच्या वर होती. मी त्या नावापुढे आडवी रेघ ओढली. फॉर्ममध्ये नाव मात्र भरलं, कारण पसंतीच्या यादीत वर भरल्याने काही जात नाही. बाकीच्या दोन-तीन नावांपुढे तिरप्या रेघा ओढल्या.

एकामागून एक फेऱ्या झाल्या. तिरप्यांपैकी एकही उभी झाली नाही. जे एक मिळालं तिथलं होस्टेल बंद पडलेलं होतं. रैनूभाऊ नाही म्हणाला. मग उरली रिकाम्या जागांची फेरी. यात कॉलेज स्वतः यादी लावतं आणि पोरांना बोलावतं. मी तिचे अर्ज तिथेही भरून दिले आणि ती गावी गेली.

एका सोमवारी, दुपारच्या आधी, तिचा फोन आला. गावात तलावाच्या पाळीवरच रेंज भेटते, म्हणून ती तिथून बोलत होती आणि वारा मधेमधे शब्द खात होता. कॉलेजातून फोन आला, म्हणाली. तेच, होस्टेलवालं सरकारी. उद्या तीन वाजेपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं आहे.

फोनवरचा माणूस काय म्हणाला, नेमके शब्द सांग, मी म्हटलं.

"नंबर लागला म्हणे बाई. घाबरू नको माय, बापाले घेऊन ये म्हणे. आपल्याकडचंच बोलत होता."

माझ्या कपाळात तिडीक उठली. मोबाइलवरून आला होता का, मी विचारलं. हो. यादी वेबसाइटवर आहे का, ते मी फोन कानाला लावूनच बघितलं. जुनीच यादी होती. मग मूळ कागद कशाला मागतो, असं मी तिलाच विचारलं, जसं काही ते तिने मागितले होते. माझ्या टेबलापुढे तेव्हा पुनर्मूल्यांकनवाल्यांची रांग होती. मी म्हटलं, सविता, तिथे तुझा नंबर लागूच शकत नाही. चौतीसवर नाही लागत. हा तोच पांढऱ्या शर्टवाल्याचा माणूस आहे.

सविता म्हणाली, त्याने माझ्या आईचं नाव सांगितलं बाई, बरोबर सांगितलं. मी म्हटलं, आईचं नाव फॉर्मवर असते आणि फॉर्म दहा ठिकाणी फिरते.

"जाऊन पाहू का फक्त?"

"मूळ कागद घेऊन? अजिबात नाही," मी म्हटलं. "माह्यावर भरोसा आहे ना?"

हो म्हणाली आणि फोन कटला.

माझी बाजू मांडायची तर, मी कॉलेजच्या लँडलाइनवर फोन लावला. दोनदा. वाजत राहिला, उचलला नाही. तो मोबाइल नंबर सविताकडे होता, मी मागून घेऊ शकले असते. घेतला नाही. म्हटलं, त्या नंबरवर फोन करणं म्हणजे ठगालाच विचारणं, तू ठग आहेस का. मग रांगेतल्या पोराचा कागद हातात घेतला. आणि खरं लिहायचं तर त्या दुपारी मी खुशीत होते. डबा खाताना सोबतच्या बाईला सांगितलंसुद्धा, आज एक पोरगी वाचवली म्हणून.

आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या एका पोराच्या कागदासाठी मला त्याच कॉलेजात फोन करावा लागला. या वेळी लँडलाइन उचलली. मी नाव-गाव सांगितलं. चामोर्शी ऐकताच पलीकडचा माणूस खुलला. तो सिरोंच्याचा निघाला. घरी तेलुगू, बाहेर आपली बोली. तिथे कार्यालयात लिपिक, माझ्यासारखाच. माझं काम त्याने दोन मिनिटांत केलं. फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "तुमच्याकडची एक टुरी आली नाही जी. पुंगाटी नावाची. मी तीन वाजेपर्यंत वाट पाह्यली. साहेबाले म्हटलं, बस लांबून येते, आणखी पंधरा मिनटं थांबू."

मी विचारलं, तिला फोन तुम्ही केला होता का?

हो, म्हणाला. लँडलाइन त्या दिवशी खराब होती म्हणून स्वतःच्या मोबाइलवरून. कॉलेजचे दिवे गेले होते म्हणून यादी संध्याकाळी चढली. तिच्या वरच्या पोरींपैकी कोणी दुसरीकडे गेल्या, कोणाचं वैधता प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, म्हणून जागा सरकत सरकत तिच्यापर्यंत आली. मग मी न विचारताच त्याने आणखी एक सांगितलं. जागावाटप म्हटलं का आपल्याकडची पोरं भेतात, समजत नाही त्याईले, फोन ठेवून देतात. म्हणून मी मुद्दाम नंबर लागला म्हटलं.

मी त्याला विचारलं, मग जागा कोणाला दिली? यादीत तिच्या खाली कोणी नव्हतं. जागा रिकामीच गेली.

मी रिसिव्हर ठेवला. समोर फळा होता. मी उठून तो पुसला. पुसायला डस्टर नव्हतं, पदराने पुसला. खडूचा पट्टा दिवसभर पदरावर होता आणि मला कोणी विचारलंही नाही की बाई, काय झालं.

खरं म्हणजे हे कोणालाच कळलं नसतं. सविताच्या लेखी तो ठगाचा फोन होता आणि बाईंनी तिला वाचवलं होतं. दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर कोणी संशय घेत नाही, हा फायदा मी आयुष्यभर घेत आले होते. दोन रात्री मी त्याचाच विचार केला. तिला सांगून काय होणार, जागा तर गेली, उगाच पोरीच्या जिवाला घोर. हे सगळं मी स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि ते बोलणं मला पांढऱ्या शर्टवाल्यासारखं वाटायला लागलं. रविवारी मी एटापल्लीची बस धरली.

तिचं घर सापडायला वेळ लागला नाही. ती अंगणात बसली होती आणि समोर एक म्हातारी, पदराची गाठ सोडून. सविता गोळ्यांचं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचत होती. रैनूभाऊने खाट टाकली, पाणी आणलं आणि पोरीकडे बघून माडियात काहीतरी बोलला. या वेळी मला समजलं. जेवले नव्हते, तरी जेवले म्हणून सांगितलं.

मी सगळं सांगितलं. फोन खरा होता, माणूस खरा होता, जागा खरी होती, चूक माझी. सविताने ते बापाला त्यांच्या बोलीत सांगितलं. मी सांगितलं त्यापेक्षा पुष्कळ कमी शब्दांत. रैनूभाऊ म्हणाला, आमाले काय मालूम बाई, तुम्हाले वाटलं तसं तुम्ही सांगितलं. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. मला शिव्या हव्या होत्या, निदान एखादी.

सविता मला सोडायला बसथांब्यापर्यंत आली. बस दिसली तेव्हा म्हणाली, "मले वाटलं होतं बाई, का तो खरा आहे म्हणून. त्याचं बोलणं खरं वाटत होतं. पण तुमची रेघ आडवी होती."

मी बसमध्ये रडले. माझं वय आणि माझी ख्याती पाहता हे लिहायला लाज वाटते, पण रडले. कंडक्टरने तिकिटाला दोनदा हाक मारली.

पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली. आकडा आला एकतीस. त्या सरकारी कॉलेजची शेवटची मुलगी त्या वर्षी पुन्हा साठाच्या वर होती. वही म्हणत होती तसंच. म्हणजे वर्षानुवर्षांत एकदाच ती जागा तिच्या दारापर्यंत आली होती आणि दाराशी मी उभी होते. शेवटी ती पदविकेला गेली. तिथे बारावीच्या गुणांवर घेतात. होस्टेल होतं. पदवी नाही, पदविका. आणि एक वर्ष वाया गेलं ते गेलंच. मी त्यानंतर रेघा ओढणं बंद केलं. नोकरीची उरलेली दोन वर्षं मी पोरांना आकडा दाखवायची, जुनी यादी दाखवायची आणि म्हणायची, हे मागच्या पोरांचं आहे, यंदा कोण येईल, कोण जाईल ते माझ्या वहीत नाही. कोणा पोराला अनोळखी फोन आला तर मी त्याच नंबरवर उलट फोन करायची. दोनदा ठग निघाला. एकदा नाही.

मागच्या महिन्यात डोळ्यांच्या त्रासासाठी ग्रामीण रुग्णालयात गेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि औषधाच्या खिडकीपुढे बाकड्यावर बसायला सांगितलं. रांग मोठी होती. मी चिठ्ठीवरचं अक्षर लावायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

"मेश्राम बाई, नंबर लागला तुमचा."

मान वर केली. खिडकीत सविता. पांढरा कोट, केस वर बांधलेले, आधीपेक्षा भरलेली. कंत्राटी आहे, तीन महिने झाले, म्हणाली. बाबा बरे आहेत, तुमची विचारपूस करतात. तिने चिठ्ठी घेतली, आत गेली, गोळ्या आणि थेंबांची बाटली आणली. कोणती सकाळी, कोणती जेवल्यावर, थेंब कोणत्या डोळ्यात, सगळं सावकाश सांगितलं. मागची रांग कुरकुरत होती. मी गोळ्या तशाच उचलून पिशवीत टाकल्या आणि निघाले. म्हटलं, या पोरीच्या हातचं तरी तपासायचं नाही.

"बाई," तिने मागून हाक मारली, "चिठ्ठीशी लावून पाहा आधी. न पाहता नका नेऊ."

तू दिलंय ना, मी म्हटलं.

"मी दिलं म्हणूनच पाहा," ती म्हणाली. हसली नाही.

मी परत खिडकीशी गेले. पिशवीतून गोळ्या काढल्या, चष्मा लावला आणि चिठ्ठीवरचं एकेक नाव पाकिटावरच्या नावाशी ताडून वाचलं. रांगेला तिने हाताने थांबवून ठेवलं होतं. सगळं बरोबर होतं. तरी मी दुसऱ्यांदा वाचलं, आणि माझं वाचून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.